शेवटची धार

आमच्या घरी दुधाबद्दल कुणी हळू आवाजात बोलत नाही. परंदवडीच्या माझ्या माहेरी गोठा घराला लागून आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हशींची तोंडं दिसतात. कुठली म्हैस पान्हा चोरते, कुणाच्या दुधाला आज फॅट कमी लागली, कुणाची कास उतरायला लागली, हे सगळं जेवताना बोललं जातं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे मी बाळंतपणाला लोणावळ्याहून माहेरी आले तेव्हा बाकी कशाची नसली तरी एका गोष्टीची मला खात्री होती, की दुधाच्या बाबतीत मी जाणकार माणसांत आले आहे. नवराही तेच म्हणाला. तो हॉटेलात कामाला, शनिवार-रविवार त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तो मधल्या वारी यायचा आणि आईच्या हाती मला सोपवून निर्धास्त परत जायचा.

मुलगी झाली आणि दोन-तीन दिवसांनी दूध उतरलं. उतरलं कसलं, घाटातून ब्रेक फेल झाल्यासारखं उतरलं. सकाळी उठले तर छाती गळ्यापर्यंत चढलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली, काखेतसुद्धा गाठी. हात अंगाला टेकवता येईनात. मी दोन्ही हात लांब धरून खोलीत येरझाऱ्या घालत होते. बाळाला जवळ घ्यावं तर तिला तोंडात धरायला काही मऊ सापडेना. ती तोंड घासायची, निसटायची, चिडायची. आणि एकदा का पकड बसली की असा लोंढा यायचा की तिला ठसका लागायचा, डोळे मोठे व्हायचे, नाकातून दूध यायचं. मग ती पाठ ताणून, मूठ माझ्या छातीवर रोवून मला ढकलायची. एवढंसं पोर, पण ढकलण्यात जोर होता.

आईनं हात लावून पाहिलं. तो हात मला ओळखीचा होता. म्हशीच्या कासेला लावते तोच, आधी उलटा, मग सरळ.

"लय भरलंय गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, माझे हाल पाहून तिला रडू येतंय. पण ती हसत होती. मग एकदम कामाला लागल्यासारखी उठली. "ह्यातलं थेंबभर सुदिक मागं ऱ्हायला न्हाई पायजे. न्हाईतर दगडी व्हईल."

दगडी म्हणजे जनावराच्या कासेचा आजार. कास सुजते, दगडासारखी कडक होते, दुधाच्या गाठी पडतात, आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर सड, म्हणजे आचळ, कायमचा जातो. दूधवाल्या घरात या शब्दाला सगळे टरकून असतात. आमच्याकडे एक चांगली म्हैस अशीच गेली होती, म्हणजे जिवंत राहिली, पण दुधातून गेली. तेव्हापासून आईचा नियम पक्का झाला होता. कास शेवटच्या धारेपर्यंत रिकामी करायची. मजूर धार काढून उठला की आई पुन्हा जाऊन बसायची आणि त्यानं मागं ठेवलेलं काढून दाखवायची. शेवटची धार सगळ्यांत जाड, साय तिच्यातच. ती ठेवणारा आळशी, असं तिचं साधं मत होतं.

तोच नियम आता मला लागू झाला.

नवऱ्यानं विजेवर चालणारा पंप मागवला होता. आईला तो एवढा आवडला की विचारू नका. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात तिनं दूध काढायचं मशीन पाहिलं होतं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते घेऊन दिलं नव्हतं. ती हौस माझ्यावर भागली. बाळ पिऊन झालं, किंवा रडून झालं म्हणू, की आई पंप घेऊन हजर. आधी गरम पाण्याचा शेक, मग तेलाचा हात, मग पंप, आणि पंपानं येईनासं झालं की तिची बोटं. मी ओरडायचे. ती म्हणायची, "झालं, झालं, येवढं शेवटचं." रिकामं झालं की खरंच इतका आराम वाटायचा की मी तिला दुवा देत झोपून जायचे. आणि जाग यायची ती पुन्हा तशीच, उलट आणखी घट्ट.

निघालेलं दूध आई पदराखाली झाकून बाहेर न्यायची. मोरीत ओतायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, म्हणून परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी घालायचं. झाकायचं अशासाठी, की कुणाची नजर लागू नये. पण झाकलेलं असूनही सगळ्या आळीला माहीत होतं, कारण बातमी आईच्याच तोंडून गेलेली. ज्याला अभिमान असतो त्याला गुपित ठेवता येत नाही.

मग बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात डबा, डब्यात अळिवाचे लाडू नाहीतर अळिवाची खीर. एकीनं शतावरी आणली, एकीनं बाळंतशेपा. सगळं दूध वाढवणारं. मी म्हणायचे, मावशी, मला दूध जास्त झालंय, मला दुखतंय, बाळाला ठसका लागतो. त्या एकमेकींकडे बघायच्या.

"आसं बोलू नाई, बाय," एक जण म्हणाली. "लोकाच्या लेकी देवाला नवस बोलत्यात दुधासाटी. तुला मिळालंय तर जड झालंय व्हय?"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण मला तेव्हा कळली. दूध नाही म्हणून रडणाऱ्या बाईजवळ चार जणी बसतात, पाठीवर हात फिरवतात. जास्त आहे म्हणून रडणारीला कुणी जवळ घेत नाही. तिला गप्प बसवतात. टंचाईचं दुःख सगळ्यांना पाठ असतं. ऊतू जाण्याचं दुःख कुणाला सांगितलं तर ते मिजास वाटते.

मी तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. गाड्यांचे लहान लहान भाग येतात, ते मापात आहेत का ते बघायचं. तिथे मी पहिल्या आठवड्यातच शिकले की माप कमी असेल तर माल परत जातो आणि जास्त असेल तरीही परतच जातो. जास्तीचं कौतुक तिथे कुणी करत नाही. जो भाग जागेवर बसत नाही तो कितीही भरभक्कम असला तरी कामाचा नाही. खाटेवर पडल्या पडल्या मी याचा विचार करायचे. माझं दूध आणि माझ्या बाळाचं तोंड, हे दोन भाग एकमेकांत बसत नव्हते. आणि या घरात हे बोलून दाखवायला मला कुणी नव्हतं.

बाळाचं पोट बिघडलं होतं. शी हिरवी आणि फेसाळ व्हायची, पोट नगाऱ्यासारखं, सारखं कण्हणं. ती भुकेली असायची आणि मला बघून रडायची. पदर बाजूला केला की मान फिरवायची. सगळ्यांत जास्त मला ते लागलं. अंगावरून दूध वाहतंय, ब्लाउज भिजून वास मारतंय आणि माझी स्वतःची पोर माझ्यापासून तोंड फिरवतेय. मला वाटायला लागलं की तिला मीच नको आहे. बाळाला असं काही कळत नसतं, हे समजायला अक्कल लागते आणि ती त्या दिवसांत माझ्याकडे नव्हती.

लोणावळ्याहून सासूबाईंचा फोन यायचा. त्या मनानं चांगल्या आहेत. म्हणाल्या, "पोरगी घेत नसेल तर हट्ट करू नकोस. वरचं चालू करू. बाटली काय, सगळीच पोरं पितात." त्यांनी सहज म्हटलं. पण बाटलीत सुख आहे हे तिला एकदा कळलं की ती माझ्याकडे परत यायची नाही, ही भीती माझ्या मनात बसली. घरभर दूध असताना माझं बाळ माझ्या अंगावरून तुटणार होतं.

शेवटी मी आईला म्हटलं, मला तळेगावला डॉक्टरांकडे ने. आई तयार झाली, पण तिचा हिशोब वेगळा होता. तिला वाटत होतं डॉक्टर बाळाला ओरडतील.

मुलांच्या त्या डॉक्टर मध्यम वयाच्या, घाई नसलेल्या बाई होत्या. त्यांनी आधी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "पाजून दाखवा." मी पाजायला घेतलं. बाळानं दोन घोट घेतले, ठसका लागला, तोंड सोडलं, आणि सुटलेली धार सरळ जाऊन डॉक्टरांच्या चष्म्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुरे, कळलं."

मग त्यांनी विचारलं, दूध काढता का? आईनं उत्साहानं सगळं सांगितलं. शेक, तेल, पंप, बोटं, शेवटच्या धारेपर्यंत. डॉक्टर ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आजी, तुम्ही जेवढं रिकामं करता तेवढं शरीर पुन्हा भरतं. त्याला वाटतं घरात जुळी आहेत." त्यांनी समजावलं की पंप थांबवायचा, पण एका दिवसात नाही, हळूहळू. फार ठणकलं तर आराम पडेल इतकंच हातानं काढायचं, रिकामं करायचं नाही. पाजल्यावर गरम नाही, थंड ठेवायचं. मागे रेलून बसायचं आणि बाळाला वर घ्यायचं, म्हणजे धार तिच्या घशात आदळणार नाही. एका वेळेला एकच बाजू द्यायची, म्हणजे शेवटी येणारं जाड दूध तिला मिळेल. छाती लाल झाली, ताप आला, तर थांबू नका, लगेच या.

"व्हय, व्हय," आई मान हलवत होती. रिक्षात बसल्याबरोबर म्हणाली, "त्या बाईनं म्हशी पाळल्यात का कदी?"

मी म्हटलं, "आई, मी म्हैस नाहीये."

"कास ती कास," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

घरी आमचं जुंपलं. मी पंप कपाटात टाकला, आईनं तो काढला. मी शेक नको म्हटलं, तिनं आंघोळीचं पाणीच जास्त कडत केलं. मी बाळाला एका बाजूला पाजून दुसरी तशीच ठेवली की ती दारात उभी राहायची आणि त्या बाजूकडे अशी बघायची की जणू गॅसवर काही करपतंय आणि मी उठत नाहीये. थंड ठेवायला म्हणून मी आप्पांना कोबी आणायला सांगितला. कोबीची गार पानं छातीवर ठेवतात, असं कंपनीतल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. आप्पा बिचारे बाजारातून दोन मोठे गड्डे घेऊन आले. ते बघून आईचा पारा चढला.

"बाळंतिणीला कोबी? आवो, वातूळ असतोय. पोरीचं पोट आदीच फुगलंय!"

"खायला नाही, आई. वर ठेवायला."

"वर म्हंजी कुटं?"

मी कुठं ते सांगितलं. आप्पा पिशवी तिथंच ठेवून गोठ्याकडे निघून गेले. ते दिवसभर आमच्याकडे फिरकले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी न सांगता आणखी एक गड्डा फ्रीजमध्ये होता.

तरीही आई हटेना. आणि खरं सांगायचं तर मीही डळमळत होते. छाती घट्ट झाली की मला दगडी झालेली ती म्हैस आठवायची. एका बाजूला शिकलेली डॉक्टर, दुसऱ्या बाजूला जिनं जन्मभर कासेवर हात ठेवलाय ती माझी आई. दुखत असताना माणूस ज्याचा हात जवळ असतो त्याचं ऐकतो. मी दोनदा पुन्हा पंप लावून घेतला. दोन्ही वेळा पुढचा दिवस आधीपेक्षा वाईट गेला.

एका दुपारी बाळ झोपलं होतं आणि खोलीत जीव गुदमरला म्हणून मी गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मार्गशीर्षाचं ऊन होतं, भाताच्या पेंढ्याचा वास येत होता. रस्त्यावरून कंपनीच्या दुसऱ्या शिफ्टची बस गेली. आई एका गाभण म्हशीपाशी उभी होती. विण्याला दोनेक महिने असलेली म्हैस. तिची कास बऱ्यापैकी भरलेली दिसत होती. म्हैस पाय आपटत होती, मान वळवून आईकडे बघून ओरडत होती. त्या आवाजासरशी माझाच पदर ओला झाला. शरीराला कसलीच लाज नसते.

मला वाटलं आई आता बादली घेऊन बसेल. पण ती बसली नाही. तिनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, पुढची वैरण थोडी कमी केली आणि दुसऱ्या म्हशीकडे गेली.

"हिची धार नाही काढायची?" मी विचारलं.

"तिला आटवायची हाय," आई सहज म्हणाली. "आता एकाच टायमाला काढती. परवापासून एक दिसाआड. मंग सोडून देयाची."

"आणि दगडी होत नाही?"

"येकदम सोडली तर व्हती. मी हळूहळू..."

ती थांबली. हातात वैरण तशीच. आमच्या दोघींमध्ये ती म्हैस ओरडत उभी होती.

"डॉक्टरांनी दुसरं काय सांगितलं?" मी शेवटी म्हटलं.

आई चिडली. इतकी चिडलेली मी तिला क्वचित पाहिलीय. "तिला आटवायची हाय! तिच्या पोटात रेडकू हाय, तिला दूध नकोच हाय आता. तुजी पोरगी पाळण्यात हाय. तुजं आटवून काय करू, तिला काय पाजशील मंग?"

"आटवायचं नाही गं. तिला पुरेल इतक्यावर आणायचं."

"आन् तितं थांबलंच न्हाई तर? खालीच गेलं तर?"

आणि मग वैरण टाकून ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि बोलायला लागली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाहुणे आले की आप्पा अजून सांगतात, ही पोरगी म्हशीच्या दुधावर वाढलीय, म्हणून हिचं डोकं असं. सगळे हसतात. आईही हसते. माझ्या जन्मानंतर तिला जोराचा ताप आला होता, हेही मी कधीतरी ऐकलं होतं. पण त्या विनोदाच्या आत काय होतं ते तिनं त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं.

"माजं बी आसंच भरलं व्हतं," ती म्हणाली. "तुज्यापरीस जास्त. मंग ताप आला. अंगावर घेऊ नको म्हनले, ताप लागंल लेकराला. कुणी काढून बी दिलं न्हाई. ताप उतरला त्या सकाळी हात लावला तर मऊ. मला वाटलं, चला, दुखायचं थांबलं. बरं वाटलं गं मला. आन् तुला लावलं तर काय न्हाई. पुन्ना आलंच न्हाई." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "तुजी आज्जी म्हनली, गोठ्यात म्हशीला हाय आन् घरात हिला न्हाई. रोज म्हनायची. मी म्हशीची धार काढायची, तापवायची, पानी घालायची आन् तुला पाजायची. त्याच हातानं."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो आणि म्हणताना हसतो. माझी आई इतकी वर्षं फुंकत बसली होती. तिला दगडीची भीती होतीच, पण तिची खरी भीती मऊ पडण्याची होती. भरलेली छाती म्हणजे तिच्या लेखी लेकरू वाचलं. आणि मी तिला सांगत होते की छाती मऊ व्हायला हवी. मला तिची दया आली आणि त्याच वेळी तिच्या सासूचा, म्हणजे माझ्या आजीचा, असा राग आला की बोलायची सोय नाही. आजी कधीच गेली. तो राग आता कुणावर काढायचा?

मी म्हटलं, "आई, तुझं बंद झालं ते आजारात, आणि बाळाला तोडलं म्हणून. मी तोडत नाहीये. ती रोज पिणार आहे. जेवढं पिईल तेवढं येईल. आणि तू बघत राहा ना. म्हशीचं तुला हात लावून कळतं, माझंही कळेल. कमी व्हायला लागलं तर तू सांग, मी ऐकेन."

तिनं सांडलेली वैरण गोळा केली. मग म्हणाली, "आज संध्याकाळचं नको काढूस. बघू."

'बघू' म्हणणं तिला किती जड गेलं हे मला पुढच्या दिवसांत दिसलं. छाती ठणकायला लागली की मी कण्हायचे आणि तिचे हात आपोआप पुढे यायचे. मग ती ते मागे घ्यायची आणि विळा घेऊन गवताला निघून जायची, गरज नसताना. परत आली की हात लावून बघायची. "आता थोडं सोड. धार नको, नुस्तं मोकळं व्हईल येवढं." मी तेवढंच काढायचे. कधी ती म्हणायची, "आत्ता न्हाई, दम धर," आणि स्वतःच दम धरून माझ्याजवळ बसायची. बायका लाडवांचे डबे घेऊन यायच्या ते ती ठेवून घ्यायची आणि गपचूप आप्पांना खायला घालायची. अळिवाचे लाडू खाऊन आप्पांचं वजन मात्र वाढलं.

मध्ये एकदा घोटाळा झाला. सकाळी उठले तर एका बाजूला लाल चट्टा, हात लावू देईना, अंगही कसकसलेलं. आई तो चट्टा बघून पांढरी पडली. सांगितलं होतं, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही. "फोन लाव त्या बाईला," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, त्या बाजूला पाजत राहा म्हणाल्या, आणि पुन्हा बजावलं की रिकामं करत बसू नका. रिक्षात आई बाळाला घट्ट धरून बसली होती. दिवसभर ती माझ्या कपाळावर हात ठेवत राहिली, आणि मला माहीत होतं की ती माझा ताप बघत नाहीये, स्वतःचा जुना ताप बघतेय. दोन दिवसांत चट्टा फिका पडला. त्या दोन दिवसांत ती जेवली नाही, असं आप्पांनी मला नंतर सांगितलं.

हळूहळू ठणका कमी झाला. रात्री कपडे भिजायचे थांबले. बाळाची शी पिवळी झाली. अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, छान चाललंय. आई त्यांना म्हणाली, "परत येकदा करा." त्यांनी पुन्हा केलं.

आणि मग ती दुपार आली. मी भिंतीला गोधड्यांचा उंचवटा करून मागे रेलले होते, बाळ माझ्या पोटावर पालथं. तिनं स्वतःहून मान वर केली, शोधलं आणि धरलं. ठसका लागेल म्हणून मी श्वास रोखला. लागला नाही. ती पीत होती, थांबत होती, नाकानं श्वास घेत होती, पुन्हा पीत होती. घोट गिळल्याचा बारीक आवाज येत होता. आई समोर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला होता. दोघीही तो आवाज ऐकत होतो.

मग बाळाचं चोखणं मंद झालं, मुठी उघडल्या, आणि तिनं तोंड सोडलं. मला ढकललं नाही. नुसतं सोडलं आणि गाल माझ्यावर टेकवून झोपून गेली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब राहिला होता. आई सूप बाजूला ठेवून जवळ आली. तिनं हात लावून बघितलं, आधी उलटा, मग सरळ. छाती मऊ होती. आईचा चेहरा क्षणभर उतरला. मी हळूच दाबून दाखवलं. दूध आलं.

"हाय की अजून," ती म्हणाली.

"असू दे. तिचं पोट भरलं."

ती बाळाकडे बघत राहिली. तिला हे कळायला वेळ लागत होता, की पुढ्यात दूध असताना लेकरू तृप्त होऊन तोंड फिरवू शकतं.

"टाकून उठली गं," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आला. "तू कदी आशी टाकून न्हाई उठलीस. चोखून चोखून रडतच झोपायचीस."

मला तुझी चूक नव्हती हे सांगायचं होतं, पण मी रडायला लागले. आई रडली नाही. बाळाच्या ओठावरचा थेंब पदरानं पुसायला ती वाकली आणि तशीच वाकून राहिली.